रोमन देव आणि माझा नवस

सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवीत असताना संत ऑगस्टीनच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथातील एका उताऱ्यावर आमचा सारा वर्ग हसला होता. माणसाच्या घरी एक द्वारपाल पुरतो. रोमनांनी मात्र एका दारासाठी तीन देव नेमले. दाराचा फोर्कुलुस, बिजागरीची कार्दिआ आणि उंबरठ्याचा लिमेंतिनुस! संतमहाशयांच्या त्या उपहासात आम्ही तरुण आनंदाने सामील झालो. आज पन्नाशी उलटल्यावर तसे हसवत नाही.

रोमन देव म्हटले की आपल्याला ग्रीक पुराणकथा आठवतात. ज्युपिटर म्हणजे झ्यूस, जूनो म्हणजे हेरा, मिनर्व्हा म्हणजे अथीना, ही सांगड रोमनांनीच घातली. कापितोल टेकडीवर या तिघांचे भव्य मंदिर होते. परंतु अस्सल रोमन देवांना कथा थोड्या, कामे फार. यानुस हा आरंभाचा व दारांचा देव. त्याचे एक मुख मागे पाही, दुसरे पुढे. जानेवारीला नाव मिळाले ते त्याचेच. तेर्मिनुस शेताची सीमा राखी. वेस्ता ही चुलीची देवता. रोममध्ये तिचा पवित्र अग्नी सहा कुमारिका अखंड तेवत ठेवीत. त्यांचे व्रत 30 वर्षांचे असे. घराचे रक्षण लारेस करीत. इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील घरांत त्यांची देवघरे आजही पाहावयास मिळतात.

या देवांशी रोमन माणसाचे नाते बव्हंशी कराराचे होते. तो नवस बोले. इच्छा पुरी झाली की वेदी उभारून तो फेडी. नवस आनंदाने फेडल्याचे सांगणारी चार लॅटिन आद्याक्षरे अशा असंख्य शिलांवर कोरलेली आढळतात. इच्छा पुरी झाली नाही, तर देणेही उरत नसे.

माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी धर्मगुरू होऊन बरीच वर्षे झाली होती. ‘ती बरी झाली, तर मोत माउलीच्या डोंगरावर अनवाणी येईन,’ असे मी मनोमन बोललो. आई गेली. अंत्यविधीनंतर मनात पहिला विचार आला तो हा, की आता आपण बांधील नाही. त्या विचाराने मी दचकलो. ओठांवर प्रभूचे नाव होते, पण हिशेब मात्र रोमन होता.

पुढच्या सप्टेंबरात मी तरीही वांद्र्याला गेलो आणि अनवाणी तो डोंगर चढलो. मागावयाचे काही नव्हते, फेडावयाचेही काही नव्हते. माउलीपुढे बराच वेळ नुसता उभा राहिलो.

आता कोणी नवस बोलण्यासाठी माझ्याकडे आले, तर मी त्याला हसत नाही. त्याच्याबरोबर गुडघे टेकतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत पित्याच्या इच्छेचा उल्लेख येतो, तेथे मात्र क्षणभर थांबतो.