दिव्यांची साक्ष

मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाने दाद देऊ नये, असा प्रसंग आला की घरातील लहानथोर एकमुखाने निकाल देतात : "बॅटरी गेली!" आरोप, चौकशी व शिक्षा ही तिन्ही एका श्वासात उरकतात. बॅटरी बिचारी अवजड व सर्वांच्या नजरेत भरणारी. अपराध तिच्याच माथी मारणे सोयीचे असते.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारून मनगट दुखावून घेण्याची पाळी पुढे हळूहळू टळली. परंतु हँडलाचा अडथळा हाताला कळे. विजेचा डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून तेथे साक्षीपुरावा घ्यावा लागतो. पहिले साक्षीदार गाडीचे पुढचे दिवे. ते लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंदावले, तर बॅटरी क्षीण, तिचे टर्मिनल सैल, किंवा स्टार्टर वा इंजिन अडकलेले, असा संशय घ्यावा. दिवे तसेच तेजस्वी राहिले, तर बॅटरीत वीज आहे, पण स्टार्टरपर्यंत ती पुरेशी पोहोचत नाही, असे समजावे.

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. पेन्शनीतून तिसरी घेण्याची वेळ आली होती. आम्ही म्हटले, "गुरुजी, आधी दिव्यांना विचारून पाहू." स्टार्टर नुसता कुंथत राहिला, पण दिवे झगझगीत! मग मीटर लावला. किल्ली फिरवलेली असता बॅटरीच्या दोन टोकांवर ११.५ व्होल्ट भरले. आणि तिचे ऋण टोक व इंजिन यांच्यामध्ये, जेथे पाव व्होल्टही दिसू नये, तेथे ५ व्होल्ट! इंजिन गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. बॅटरीचे ऋण टोक सोडून ती पट्टी काढली, घासून लखलखीत केली व पुन्हा आवळली. गाडी तत्काळ सुरू झाली.

अशा जोडाची गंमत अशी, की हलक्या कामात तो कधी उघडा पडत नाही. ओहमच्या नियमाने पाहिले, तर एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा ५ अँपिअरच्या वाटेत ०.०५ व्होल्टच खातो. स्टार्टर १५० अँपिअर मागू लागला, की तोच १.५ व्होल्ट गिळतो. जोडाची परीक्षा ओझ्याखालीच घ्यावी. गाडी स्वस्थ असता सारेच जोड सज्जन.

गुरुजींच्या मुद्रेवर मात्र आनंदापेक्षा खेदच अधिक दिसला. "म्हणजे त्या दोन्ही बॅटऱ्या निर्दोष होत्या तर," ते सावकाश म्हणाले. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले, की वर्गात खिडकीची काच फुटली की चौकशीआधीच ज्याच्याकडे त्यांची नजर वळे, असा एक मुलगा होता. त्याचे नाव त्यांना अजून आठवत होते.