दम

आमच्या वर्गांत दरवर्षीं एक प्रश्न ठरलेला असतो. यंत्रांचा धडा सुरू झाला, तरफेची आकृति फळ्यावर निघाली, कीं मागच्या बांकावरून कोणी तरी विचारतोच, "सर, सगळ्यांत दमदार गाडी कोणती?" पूर्वीं आम्ही हा प्रश्न हंसून बाजूस सारीत असूं, परीक्षेंत त्याला गुण नाहींत. गेल्या तीन वर्षांपासून मात्र आम्ही खडू खालीं ठेवतों आणि उत्तर देतों. तें उत्तर आम्हांला आळेफाट्याजवळच्या रस्त्यावर व पुढें लालबागच्या एका गल्लींत, पुष्कळ किंमत देऊन मिळालें आहे. यंदाच्या अंकासाठीं तीच हकीकत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावी असें योजिलें आहे.

मराठींत 'दम' हा शब्द मोठा सोयीचा आहे. दम म्हणजे श्वास; दम म्हणजे जोर; आणि दम धरणें म्हणजे वाट पाहणें. या हकीकतींत हे तिन्ही अर्थ यावयाचे आहेत.

आमचें बालपण परळास गेलें. वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्यें फिटर होते. हा कारखाना जी. आय. पी. रेल्वेनें १८७९ सालीं वाफेच्या इंजिनांसाठीं काढला. वडिलांच्या काळांत तेथें डिझेल इंजिनें उघडून पुन्हा जुळविलीं जात. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरून १९६४ पासून वाराणसीस बनूं लागलेलीं १६ सिलिंडरांचीं, २६०० अश्वशक्तीचीं इंजिनें तीं हींच. रात्रीं जेवतांना वडील सांगत, "इंजिन बंद झालं म्हणजे काम संपलं असं नाहीं. आंतला टर्बो फिरतच असतो. आम्ही कान देऊन उभे राहतों आणि तो थांबेपर्यंत घड्याळावर मोजतों. लवकर थांबला, तर समजायचं, आंत कांहीं तरी घासतंय." बंद पडलेल्या इंजिनापाशीं उभें राहून आंकडे मोजणें हें कसलें काम, असें आम्हांला त्या वयांत वाटे. मोठेपणीं पदवी घेऊन शास्त्र शिकवूं लागलों, तेव्हां तर ती गोष्ट आम्ही विसरूनच गेलों.

टर्बो म्हणजे काय हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एक किलो डिझेल नीट जळावयास साडेचौदा किलोंच्या सुमारास हवा लागते. तेव्हां इंजिनाचा जोर वाढवावयाचा तर त्याला अधिक तेल व त्याच मानानें अधिक हवा दिली पाहिजे. हवा न देतां नुसतें तेल वाढविलें तर काळा धूर तेवढा निघतो. दुसऱ्या बाजूनें पाहिलें, तर जळालेला वायु धुराड्यावाटें जातांना पुष्कळ उष्णता फुकट घेऊन जातो. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरानें या दोन गोष्टींची सांगड घातली. बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेंत त्यानें एक पंख्यासारखें चक्र बसविलें आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चक्र लावून त्याच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरविली. सोडलेल्या श्वासानें पुढचा श्वास ओढावयाचा, अशी ही युक्ति. ब्यूखीचा जन्म १८७९ चा, म्हणजे आमच्या परळच्या कारखान्याच्याच सालचा. त्यानें १९०५ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट घेतलें. परंतु १७५० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनापासून २५०० अश्वशक्ति काढून दाखविण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. वीस वर्षें त्या गृहस्थानें दम धरला.

ही युक्ति डोंगरावर विशेष उपयोगी पडते, कारण उंचीवर हवा विरळ असते. महाबळेश्वरास ती मुंबईपेक्षां सुमारें आठव्या हिश्शानें विरळ असते. अमेरिकेंत १९१८ सालीं सॅन्फोर्ड मॉस यानें विमानाचें एक इंजिन १४,१०९ फूट उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन चालविलें. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथें २३० वर आलें. टर्बो लावतांच ३५६ देऊं लागलें.

आतां विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतला दम. धांवणें निराळें आणि ओढणें निराळें. लालबागच्या बाजारांत भरलेली हातगाडी ओढणारा मनुष्य धांवत नाहीं. परंतु जागची न हालणारी गाडी तो हालवितो. इंजिनाचा दांडा ज्या पिळानें फिरतो, त्या पिळाच्या जोरास टॉर्क म्हणतात. घाटांत गाडीला हवा असतो तो हा टॉर्क, आणि चांगला टर्बो तो थोड्या फेऱ्यांतच पुरवितो.

अशीच एक टर्बोची जुनी डिझेल जीप आम्हीं चार वर्षांपूर्वीं विकत घेतली. आई नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं राहते, आणि महिन्यांतून एकदां तरी माळशेज घाट चढावा लागे. त्या जीपचा आम्हांला मोठा अभिमान होता. घाटांत मालमोटारी मागें टाकीत आम्ही वर जात असूं, माथ्यावरच्या चहाच्या टपरीपुढें गाडी उभी करीत असूं, आणि चाक थांबतांच किल्ली फिरवून इंजिन बंद करीत असूं. चहा गार होऊं नये एवढीच चिंता! इंजिनाचें ऑइल बदलण्याची वेळ येई ती परीक्षेच्या दिवसांत. पेपर तपासून झाल्यावर बदलूं, असें म्हणतां म्हणतां दोन दोन महिने उलटत.

तीन वर्षांपूर्वीं जुलैमध्यें आईला छातींत दुखूं लागल्याचा निरोप आला. आम्ही सायंकाळीं निघालों, घाट वेगानें चढलों, आणि रात्रीं तिला गाडींत घेऊन लगेच मुंबईस परत निघालों. आळेफाटा जवळ आला असतां बॉनेटखालून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येऊं लागला. मागें पाहतों तों निळसर धुराचा लोट. ऑइलचा तांबडा दिवा लागला, इंजिनांतून खडखड ऐकूं आली, आणि गाडी पावसांत रस्त्याच्या कडेस उभी राहिली. आई मागच्या आसनावर डोळे मिटून पडलेली. आम्हीं किल्ली दोनदां फिरविली. इंजिन जागचें हाललें नाहीं. शास्त्राच्या शिक्षकाजवळ त्या वेळीं एकहि उपाय नव्हता.

अर्ध्या तासानें दुधाचे कॅन भरलेला एक टेंपो थांबला. चालकानें कांहीं न विचारतां कॅन सरकवून जागा केली व तिला जवळच्या इस्पितळांत पोंचविलें. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेंत. आठ दिवसांनीं आई घरीं आली. त्या टेंपोस टर्बो नव्हता. चढावावर तो कण्हत कण्हत जाई. परंतु तो रोज पहांटे ठरल्या वेळीं ठरल्या ठिकाणीं पोंचत असे, आणि त्या रात्रींहि पोंचला.

जीप दोरानें ओढून लालबागेंत आणली. तेथें गॅरेज चालविणारा तरुण आमचा जुना विद्यार्थी आहे. त्याच्याच इच्छेवरून नांव देत नाहीं. नववींत तो दोन वेळां नापास झाला होता. त्यानें टर्बो सोडवून बांकावर ठेवला, पेन्सिलीएवढा त्याचा दांडा बाहेर काढला आणि आमच्या हातांत दिला. दांड्यावर काळी, कोळशासारखी खपली जमली होती. तो हळूच म्हणाला, "सर, राग मानूं नका. घाट चढून आल्याबरोबर तुम्ही इंजिन बंद करतां काय?"

आम्हीं होय म्हटलें. मग त्यानें आम्हांला जो पाठ दिला तो असा. हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढतांना त्याच्या एका बाजूस सहाशें-सातशें अंश उष्णतेचा वायु आदळत असतो. इंजिन बंद केलें कीं ऑइलचा पंप थांबतो. दांडा मात्र फिरतच राहतो, आणि तापलेल्या लोखंडाची उष्णता आंत शिरते. तेथें अडकलेलें ऑइल जळून त्याची खपली होते. पुढच्या खेपेस तीच खपली बेअरिंग खाते व ऑइलची वाट बुजविते. असें वर्षभर झालें, जुन्या ऑइलानें त्यास हातभार लावला, आणि शेवटीं टर्बोवाटें ऑइल इंजिनांत ओढलें जाऊन जळूं लागलें. निळा धूर तो हाच. ऑइल संपलें तसें क्रँकचीं बेअरिंगें गेलीं.

अशी हेळसांड पूर्वींहि झालेली आहे. अमेरिकेंत १९६२ सालीं ओल्डस्मोबील जेटफायर ही टर्बो लावलेली मोटार बाजारांत आली. तिला पाणी व मिथेनॉल यांचें एक मिश्रण निराळ्या टांकींतून पुरवावें लागे. पुष्कळ मालक ती टांकी भरावयास विसरत. पुढच्याच सालीं त्या मोटारीचें उत्पादन थांबलें.

इंजिन सगळें उघडलेंच आहे, तर त्याचा जोरहि थोडा वाढवून घ्यावा, असें आमच्या मनांत आलें. आम्हीं तसें सुचविलें. तो हंसला व म्हणाला, "सर, दम वाढवायला अर्धा तास पुरे. पंपाचा स्क्रू फिरवायचा, झालं. दम टिकवायला तीन आठवडे लागतील. काय करूं?" जोर वाढला म्हणजे सिलिंडरांतला दाब व उष्णता वाढते, मग हेडचें गॅस्केट फुटतें, पिस्टनचा माथा वितळतो, क्लच घसरूं लागतो. कारखान्यानें ठरविलेला दाब या इंजिनास पुरेसा आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. आई गाडींत असतां इंजिन बंद पडलें होतें हें त्याला ठाऊक होतें. आम्हीं तीन आठवडे पत्करले.

त्या तीन आठवड्यांत शाळा सुटली कीं आम्ही दादरहून लालबागेस जात असूं व एका डब्यावर बसून पाहत असूं. क्रँक घांसून गोल करून आणला. हेड सपाट आहे कीं नाहीं हें पट्टी लावून, खालून पातळ पत्री घालून पाहिलें. ऑइलच्या सर्व वाटा धुऊन काढल्या. टर्बोंतून ऑइल खालीं आपल्याच भारानें उतरतें, म्हणून परतीची नळी कोठें दबली वा वांकली नाहीं ना, हें त्यानें बोट फिरवून तपासलें. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्यें सांचलेलें ऑइल त्यानें दोनदां धुतलें. तें राहिलें तर इंजिन तेंच पिऊन अनावर पळत सुटतें. सुटे भाग आणावयास आम्ही बरोबर गिरगांवांत ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत गेलों. तेथें निम्म्या किंमतीचा नकली संच मिळत होता; त्यानें तो परत सारला. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेर, क्रमानें, तीन खेपांत आवळले. शेवटीं डिझेल तोडून नुसतेंच इंजिन फिरविलें, टर्बोपर्यंत ऑइल पोंचल्याची खात्री केली, आणि मगच सुरू केलें.

पांच मिनिटांनीं त्यानें किल्ली बंद केली व कान जवळ नेला. फिरत्या चक्राचा बारीक सूं असा आवाज हळूहळू विरत गेला. तो ओठांतल्या ओठांत मोजीत होता. आमच्या अंगावर कांटा उभा राहिला, कारण आमचे वडील तसेच मोजीत असत. आणि त्याच क्षणीं दुसरीहि एक गोष्ट आठवली. हा मुलगा नववींत असतां तास संपून पंखा बंद केला, कीं पातें थांबेपर्यंत वर पाहत बसे. त्यासाठीं आम्हीं त्याला बांकावर उभें केलें होतें, आणि प्रगतिपुस्तकांत 'लक्ष नसतें' असा शेरा आमच्याच हातानें लिहिला होता.

आम्हीं त्याला तें बोलून दाखविलें. तो जुन्या कापडानें हात पुसत म्हणाला, "सर, तुम्ही विसरला असाल असं वाटलं होतं." याहून अधिक तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें विसरावें अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

त्यानंतर जीप कितीदां तरी माळशेज चढली आहे. माथ्यावर आल्यावर आम्ही ती उभी करतों आणि इंजिन मंद चालूं देतों. मागें एकदां आई शेजारीं होती. ती म्हणाली, "बाळा, चहा सांगून ठेवलाय ना? मग थांबलास कशाला?" आम्ही म्हणालों, "बाबा मोजायचे ना आई, तेंच मोजतोंय." ती कांहीं बोलली नाहीं, दोन मिनिटें तीहि स्वस्थ बसून राहिली.

दमदार गाडी कोणती, या प्रश्नाचें आमचें उत्तर विद्यार्थ्यांच्या आतां ध्यानांत आलें असेल. जिचा मालक दम धरतो, ती. आणि हल्लीं तास संपून पंखा बंद झाल्यावर कोणी मुलगा वा मुलगी वर पाहत राहिली, तर पातें थांबेपर्यंत आम्ही दाराशीं उभे राहतों.