नकाशावरील धोक्याची खूण

नकाशा काढणे हा एकेकाळी सरकारी सर्वेक्षकांचा प्रांत होता. शून्य मैलाच्या दगडाशेजारून रोज ये-जा करणाऱ्या नागपूरकरांना हे निराळे सांगावयास नको. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला आणि हे काम कोणाही नागरिकाला खुले झाले. रस्ता, विहीर, दवाखाना, देऊळ, चर्च; ज्याला जे ठाऊक, ते त्याने नोंदवावे. अशा लोकनकाशात सायकलस्वारांसाठी धोक्याच्या जागाही दाखवाव्यात काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. मला तो तसा वाटत नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. दुसऱ्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळून पाहता येईल तेवढेच नोंदवावे, असा या नकाशाचा दंडक आहे. ‘धोकादायक’ हा मात्र ज्याच्या त्याच्या मनाचा कौल. सेमिनरी हिल्सचा उतार शाळकरी पोराला आनंदाचा वाटतो, दुधाचे कॅन लावून उतरणाऱ्या साठीच्या गवळ्याला तोच धडकी भरवतो. शिवाय ‘त्या बाजूला जाऊ नका’ हे वाक्य काही वस्त्यांविषयी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. रस्त्याचा धोका म्हणून लावलेली खूण वस्तीच्या माथी कलंक होऊन बसायला वेळ लागत नाही.

तरीही खूण नकोच, असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याची सरकारी कसोटी पाहा. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. म्हणजे मोजणी सुरू होते ती अंत्यविधीनंतर. २०२१ साली नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांवर उपकरणे बसवून, अपघात अजून झालेले नाहीत पण होऊ शकतील अशा जागा हेरण्याचा तो उपक्रम. कौतुकास्पदच, परंतु बसला जे जाणवते ते वेगळे आणि सायकलला पाडते ते वेगळे. गटारावरील जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असल्या, तर बसच्या चाकाला त्याची दादही नसते, सायकलचे अरुंद चाक मात्र त्या फटीत रुतते. सिमेंट रस्त्याची बाजूच्या मातीहून वर राहिलेली कड, रस्त्याला तिरपे छेदणारे रेल्वेचे रूळ, अंधारातला न रंगवलेला गतिरोधक. ही सारी त्याच जातीची.

म्हणून माझे मत असे की, नकाशावर निवाडा लिहू नये, वस्तू लिहावी. ‘येथे धोका’ असे नव्हे, तर ‘जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर’. हे कोणीही जाऊन पाहू शकतो. जे आज आहे आणि उद्या नाही, त्याला नकाशात जागा देऊ नये. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. संकट भयंकर खरे, पण ते कोणत्या चौकात मांडणार? पावसाळी खड्ड्यांचेही तेच. त्यांची जागा तक्रारवहीत. बुजलेल्या खड्ड्याची खूण वर्षभर तशीच राहिली, की शेजारच्या खऱ्या खुणेवरही लोक विश्वास ठेवीनासे होतात.

आता खरा पेच. आपल्या धर्मग्रामात सायकल कोण चालवतो? रात्रपाळीचा चौकीदार, पेपर टाकणारा मुलगा, गवंडी, शिकवणीला जाणारी मुलगी. यांतले किती जण वाटेत थांबून नकाशा उघडतात? हौसेने पहाटे बाहेर पडणारा सायकलपटू ती खूण पाहून दुसऱ्या रस्त्याने जाईल. जाळी तिथेच राहील, आणि चौकीदारही. सायकलस्वाराला वळसा सांगण्यापुरतीच ही खूण असेल, तर तिचा लाभ ज्यांना गरज कमी त्यांनाच अधिक.

माझ्या लेखी या नकाशाचा पहिला वाचक महापालिकेच्या झोन कार्यालयातील अभियंता असावा. नेमकी जागा आणि नेमका दोष लिहून हाती दिला, तर काम काही मोठे नाही; पट्ट्या आडव्या येतील अशी जाळी फिरवून बसवायची. ती बसली, की ज्याने खूण केली त्याने पुन्हा तेथवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच ती पुसावी.