रिकामे ताट

आगमनकाळाचा तिसरा रविवार उजाडला, की मिस्सा आटोपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी एखादी तरुण माता हमखास उभी राहते. वेदीसेवकांना दर नाताळात मी माझ्या हातची मिल्क क्रीम वाटतो, ही गोष्ट आता धर्मग्रामात सर्वश्रुत झाली आहे. त्यामुळे विनंती ठरलेली असते : "फादर, तुमच्या आईची कृती लिहून द्या ना." मी कागदावर प्रमाण लिहून देतो. ती बाई समाधानाने घरी जाते. मात्र आपण अर्धीच कृती दिली, ही रुखरुख माझ्या मनात राहते. उरलेली अर्धी कृती लिहायला एका कागदाचा तुकडा पुरत नाही. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

माझा जन्म १९६९ सालचा, वसईतल्या एका वाडीतला. केळी, पानवेली, चार-दोन चिकूची झाडे, मध्ये विहीर आणि विहिरीच्या दोन अंगांना दोन घरे. एक आमचे, दुसरे माझ्या थोरल्या काकांचे. माझ्या लहानपणी नाताळचा फराळ दुकानातून विकत आणणे ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती. साखर शिधापत्रिकेवर मिळे आणि ती रोजच्या चहालाच जेमतेम पुरे. आई ऑक्टोबरपासून त्या साखरेतली मूठमूठ बाजूला काढून चिनी मातीच्या बरणीत साठवी. त्या दिवसांत आमचा चहा अळणी होई. वडील एकदा म्हणाले, "नाताळ येईपर्यंत आम्हाला उपवासच दिसतो." आई हसून उत्तरली, "आगमनकाळ आहे, सोसा थोडं." पुढे सेमिनरीत आगमनकाळाच्या उपासनेवर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण वाट पाहणे म्हणजे काय, हे मला त्या बरणीनेच आधी शिकविले होते.

डिसेंबरच्या मध्यावर फराळाला आरंभ होई. पहिला मान पेरूच्या चीजचा. गोव्याकडे यालाच पेराद म्हणतात. पेरू पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आपल्याकडे आणला, काजूही त्यांनीच आणला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्या अमलाखाली होती. ती राजवट गेली; पण चुलीवरच्या कढईत तिची खूण राहिली. पोर्तुगालमध्ये जे मार्झिपान बदामाचे होते, ते इथल्या गृहिणींनी काजूचे केले. बदाम महाग, काजू त्या मानाने आवाक्यातला, एवढे साधे ते कारण. परक्या मुलखातली वस्तू आपल्या मातीत अशी रुजते.

पेरूचे चीज करताना आई सगळे पेरू पिकलेले घेत नसे. चार पिकलेल्यांत एक अर्धकच्चा टाकी. कच्च्या पेरूत पेक्टिन अधिक असते आणि त्यामुळेच वडी धरते, हे शास्त्र मला फार नंतर पुस्तकातून कळले. आई एवढेच म्हणायची, "सगळेच गोड असले, तर जमत नाही." पेरू उकडून चाळणीतून गाळायचे, म्हणजे बिया वर राहतात. एक किलो गराला पाऊण किलो साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर लाल रंग. मंद आचेवर ढवळत राहायचे. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागले, की त्यात चमचाभर लोणी घालून ते तूप लावलेल्या ताटात थापायचे आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. ढवळताना अंगावर उडालेला थेंब पोळतो. म्हणून आई हाताला जुने फडके गुंडाळून बसे.

मग कलकल. सगळे घर भोवती बसून काट्याच्या पाठीवर नाहीतर स्वच्छ फणीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळी. आणि सर्वांत शेवटी मिल्क क्रीम. तिचे प्रमाण असे : एक लिटर म्हशीचे दूध, चारशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम काजूची बारीक पूड, एक मोठा चमचा लोणी आणि व्हॅनिलाचे चार थेंब. दूध आणि साखर जाड बुडाच्या भांड्यात आटवायला ठेवायची. तासाभराने ते दाटले, की काजूची पूड घालायची. इथून पुढे हात थांबवायचा नाही. थांबला, की तळाशी लागले. गोळी जमली का, हे पाहण्यासाठी थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडायचा. बोटांना न चिकटता त्याची मऊ गोळी वळली, की भांडे उतरवायचे. आधी उतरवले, तर क्रीम साच्यात धरत नाही. उशीर झाला, तर साखर दाणेदार होऊन बसते. उतरवल्यावर लोणी व व्हॅनिला घालून मळायचे आणि कोमट असतानाच तूप लावलेल्या रबरी साच्यांत दाबायचे. आईकडे तीन साचे होते : गुलाब, मासा आणि शिंपला. एवढ्या ऐवजाच्या चाळीसेक गोळ्या होतात.

येथवरची कृती मी सर्वांना देतो. आता उरलेली.

आमच्याकडे फराळ घरात खाण्यासाठी कमी आणि ताटे भरण्यासाठी अधिक होत असे. नाताळच्या सकाळपासून तीन राजांच्या सणापर्यंत घरोघरी ताटे जात. वर क्रोशाने विणलेला रुमाल. ती पोचवायचे काम मुलांचे. आणि एक नियम सर्वांना ठाऊक होता : शेजारचे ताट रिकामे परत धाडायचे नाही. त्या घरचा फराळ तयार नसेल, तर चार केळी ठेवायची. तीही नसतील, तर मूठभर साखर. रिकामे ताट परत करणे म्हणजे संबंध पुरे झाले, असे न बोलता सांगणे.

१९७८ साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडील आणि काका यांच्यात बोलाचाली झाली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, कोणी किती वेळ पंप चालवायचा यावर शब्दाला शब्द वाढला आणि दोन्ही घरांचे बोलणे थांबले. पावसाळा गेला, नाताळ आला. आईने नेहमीप्रमाणे काकांचे ताट भरले. किंबहुना त्या वर्षी जरा अधिकच भरले. तीनही साच्यांच्या मिल्क क्रीम, पेरूच्या चीजच्या वड्या, कलकल. वडिलांनी पाहिले, ते काही बोलले नाहीत. ताट माझ्या हातात देऊन आई म्हणाली, "काकीच्या हातात दे. आणि हॅपी ख्रिसमस म्हण."

मी नऊ वर्षांचा होतो. उन्हाळ्यात चिकूच्या झाडावर चढलो म्हणून काका मला ओरडले होते आणि त्यांच्या आवाजाची मला धास्ती होती. विहिरीपर्यंत गेलो. पुढे पाऊल उचलेना. केळीच्या बनात शिरून मी ताट मांडीवर घेतले. रुमालाखालून व्हॅनिलाचा वास येत होता. एक मासा खाल्ला. मग एक शिंपला. ताट विस्कटलेले दिसू लागले. आता ते तसे कसे न्यायचे? म्हणून आणखी खाल्ले. शेवटी जे खाववेना, ते बावखलात टाकले. कलकल काही वेळ पाण्यावर तरंगत राहिल्या. मी तिथेच ताट धुतले, रुमालाची घडी केली आणि घरी आलो.

"काय म्हणाली काकी?"

"काही नाही," मी म्हणालो.

आईने ताटाकडे पाहिले. उलटे करून पाहिल्यासारखे पाहिले. मग ते फळीवर ठेवून दिले. त्या दिवशी ती जेवली नाही, एवढे मला आठवते.

त्यानंतर त्या घरी आमचे ताट गेले नाही, त्यांचे आले नाही. पाण्याचे भांडण दोन पावसाळ्यांत विसरले गेले असते. शेतकऱ्यांची अशी भांडणे होतात आणि मिटतात. हे मिटले नाही. मी मोठा होत गेलो, तसे मला कळत गेले, की ते न मिटण्याचे कारण मी आहे. पण जितके अधिक कळले, तितके सांगणे अवघड झाले.

१९८७ मध्ये मी गोरेगावच्या सेमिनरीत दाखल झालो. १९९१ मध्ये काका वारले. दोन दिवसांची रजा घेऊन मी आलो. वडिलांनी भावाच्या शवपेटीला खांदा दिला आणि दफनभूमीतून परतताना ते वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. तेरा वर्षे ते भावाशी बोलले नव्हते. आता बोलायला भाऊ नव्हता. मी त्यांच्या शेजारून चालत होतो. तेव्हा तरी सांगायला हवे होते. सांगितले नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितले आहे, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर ते अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. १९९६ साली माझी गुरुदीक्षा ठरली, तेव्हा हा अध्याय मला टाळता येईना. आयुष्यभर वेदीपाशी उभे राहायचे आणि अर्पणाचे एक ताट बावखलात बुडालेले! पापनिवेदन मी पूर्वीच केले होते, क्षमाही मिळाली होती. त्या वेळी वृद्ध धर्मगुरूंनी मला एवढेच विचारले होते, "ज्यांचं ताट होतं, त्यांना सांगितलंस का?"

मी काकीकडे गेलो. ओसरीवर बसून सगळे सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या वर्षी मी करंज्या करून ठेवल्या होत्या रे. तुमचं ताट आलं, की भरून द्यायला. तुझे काका दोनदा विहिरीपर्यंत जाऊन बघून आले. ताट आलं नाही, तेव्हा म्हणाले, त्यांनाच नको असेल, तर आपण का जायचं?"

तिने मला दोष दिला नाही. दिला असता, तर बरे झाले असते.

घरी येऊन आईवडिलांना सांगितले. वडील उठून बाहेर गेले आणि विहिरीच्या कठड्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. आई चुलीपुढे होती. ती वळली नाही. "तुझ्या शर्टाच्या खिशाला पेरूच्या चीजचा लाल डाग होता," ती म्हणाली. "मीच धुतला तो. मनात शंका आली होती. पण तुला विचारलं असतं, तर मलाच तिकडे जावं लागलं असतं. काकीवर राग धरणं सोपं होतं."

धर्मगुरू म्हणून इतक्या वर्षांत अनेक घरांतली भांडणे मी ऐकली. जमिनीची, दागिन्यांची, मानपानाची. आईचे ते वाक्य मला प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडले. एका मुलाने खोटे सांगितले हे खरे. पण ते खोटे इतकी वर्षे टिकले, कारण ते मोठ्यांना सोयीचे होते. दोन्ही घरे एकमेकांच्या ताटाची वाट पाहत होती आणि विहीर ओलांडायला वीस पावले पुरेशी होती.

त्या नाताळात आईने ताट भरले. ते घेऊन जायला मी पुढे झालो, तर म्हणाली, "तू राहू दे." ती स्वतः गेली. तासभर परतली नाही. परतली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि ताटात सुकेळी होती. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, सोपटात बांधलेली. ती सुकेळी काकांना फार आवडायची. वडिलांनी त्यातले एक उचलले, सोलून हातात धरले आणि किती तरी वेळ ते तसेच धरून बसले.

१९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि मी वसईकर पुन्हा वसईच्याच सेवेत आलो. आता वडील नाहीत, काकी नाही, २०१४ मध्ये आईही देवाघरी गेली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. रबरी साचे आणि आईची पाककृतींची वही माझ्याकडे आली. वहीच्या शेवटच्या पानावर ताटांची यादी आहे, कोणत्या घरी किती गोळ्या. काकांच्या घराचे नाव एका रेघेने खोडलेले आहे आणि तळाशी वेगळ्या शाईत पुन्हा लिहिलेले आहे.

आज दुकानांत सुबक खोक्यांतून फराळ मिळतो. तो विकत घेण्यात गैर काही नाही. नोकरी करणाऱ्या मातांना तासभर दूध ढवळत बसा असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण खोके विकत घ्या किंवा घरी करा, एक ताट त्या घरी न्या, जिथे ते नेणे जड जाते. ते मुलांच्या हाती धाडू नका. स्वतः घेऊन जा.

माझ्या आईच्या मिल्क क्रीमची पूर्ण कृती ती हीच.