जाड झालेला राजपुत्र

बारामती-इंदापूर पट्ट्यात नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या पिढीची संगणकाशी ओळख बहुधा अभ्यासाआधी खेळातून झाली, आणि त्या खेळांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मान वरचा होता. जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी रचलेला हा खेळ पुढच्या वर्षी डॉसवर आला, तेव्हा त्याचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० अशा ६४,००० ठिपक्यांत मावत होते. ठिपक्यांच्या या मोजमापालाच रेझोल्यूशन म्हणतात. मात्र हे चित्र ज्या काचेवर उमटे तिच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ असल्याने प्रत्येक ठिपका चौरस न राहता रुंदीच्या १.२ पट उंच होई. मेक्नर यांनी नायकाच्या हालचाली धाकट्या भावाच्या चित्रफितीवरून रेखाटल्या होत्या. त्यामुळे कड्याला लोंबकळणारा राजपुत्र अंग वर खेचतो तेव्हा खऱ्या देहाचे वजन जाणवते.

पुढे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत याच पिढीला डिस्प्लेची सेटिंग दिसली. तिथली पट्टी ६४० बाय ४८० वरून १०२४ बाय ७६८ वर सरकवली की अक्षरे बारीक होत, पण चित्र फाटत नसे, कारण नळीच्या मॉनिटरला स्वतःचे असे ठरलेले ठिपके नव्हते. इलेक्ट्रॉनांचा झोत मागाल तितक्या रेघा ओढी.

एलसीडीने ही मोकळीक संपवली. तिचे ठिपके कारखान्यातच कायमचे ठरतात आणि लहान चित्र मोठ्या पडद्यावर बसवण्यासाठी ते ताणावे लागते. यालाच स्केलिंग म्हणायचे. पुण्यात नोकरीला लागल्यावर घेतलेल्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर ४८० रेघांचा खेळ पूर्ण उंचीचा केला, तर प्रत्येक रेघेच्या वाट्याला १.६ रेघा येतात, म्हणजे एकतर काही रेघा दुहेरी होतात आणि काही एकेरीच राहतात, किंवा सगळ्याच धूसर होतात. त्यातून पडदा कडेपर्यंत भरायचा हट्ट धरला की राजपुत्र एक तृतीयांशाने रुंद होतो आणि सायबर कॅफेत गाजलेल्या ‘व्हाइस सिटी’च्या कोपऱ्यातला गोल नकाशा लंबगोल दिसू लागतो. लग्नाच्या जुन्या कॅसेटी रुंद टीव्हीवर लावून अख्खे वऱ्हाड जाड करून पाहणाऱ्या घरांना मात्र यात काही वावगे वाटत नाही. बाजूच्या काळ्या पट्ट्या म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा वाया गेली, असा हिशेब त्यामागे असतो.

जुने डॉसखेळ आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रणालीत प्रमाण राखणारी ‘आस्पेक्ट’ ही सेटिंग आहे, पण तिच्या बराच काळ प्रचलित राहिलेल्या ०.७४ या आवृत्तीत ती मुळात बंदच असे. ती चालू करणे इष्ट, याविषयी दुमत नसावे. वाद आहे तो धारेचा. पूर्णांकी पटीत वाढवलेले चित्र कोरीव दिसते, पण ३२० ची पाचपट आणि २०० ची सहापट केल्यास प्रमाण नेमके जमत असले, तरी १६०० बाय १२०० चे ते चित्र १०८० रेघांच्या पडद्यात मावत नाही. अशा वेळी १४४० बाय १०८० एवढे ताणून थोडा धूसरपणा पत्करावा हेच बरे, कारण नळीच्या काचेवरही ठिपक्याची कड कधी करकरीत नव्हती आणि कोरीव चौकोनांचा तो राजपुत्र त्या काळी कोणी पाहिलेलाच नव्हता.