टिल्लूच्या ताटलीत काय वाढायचं?

मुतखड्यावर मी पूर्वी लिहिलं आहे, पण ते माणसांच्या. आज लिहितोय ते कुत्र्याच्या मुतखड्याबद्दल. कारणं दोन. एक म्हणजे गेल्या वर्षी आमच्या घरच्या टिल्लूला तो झाला. टिल्लू हा आठ वर्षांचा, आठ किलो वजनाचा ल्हासा ॲप्सो. दुसरं म्हणजे ही बातमी पसरल्यापासून दवाखान्यात येणारे रुग्ण स्वतःचं दुखणं सांगून झालं की उठता उठता विचारतात, "डॉक्टर, आमच्या कुत्र्यालाही खडा आहे म्हणे. त्याला खायला काय द्यायचं?"

मी माणसांचा डॉक्टर. टिल्लूवर उपचार केले ते आमच्या पशुवैद्य मॅडमनी. त्यामुळे हा लेख म्हणजे तुमच्या कुत्र्यासाठी लिहिलेली चिठ्ठी नाही. पण आहार निवडताना कुठला प्रश्न आधी विचारायचा, एवढं जरी यातून कळलं तरी पुष्कळ झालं.

तो प्रश्न असा: खडा कोणता आहे?

आपला खडा आणि त्यांचा खडा

माणसाचा खडा बहुतेक वेळा किडनीत तयार होतो, तिथून निसटून मूत्रवाहिनीत अडकतो आणि कंबरेपासून जांघेपर्यंत कळा येतात. कुत्र्यांत तो बहुतांशी मूत्राशयात होतो. तिथे तो पडून राहतो आणि आतल्या अस्तराला घासतो. म्हणून लक्षणं वेगळी दिसतात. सारखं बाहेर जायला मागणं, थोडी थोडी लघवी होणं, कुंथणं, लघवीत रक्त येणं, घरात कधी न करणाऱ्या कुत्र्याने घरात करणं. टिल्लूने दोन दिवसांत तीन वेळा दिवाणखान्यातला गालिचा भिजवला, तेव्हा आईने त्याला रागावण्याऐवजी "याला काहीतरी होतंय" असं म्हटलं आणि आम्ही त्याला दाखवायला नेलं. एक्स-रेमध्ये मूत्राशयात पाच-सहा खडे दिसले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. ती जागा ताणली जात नाही. खडा तिथे अडकला की लघवी तुंबते. कुत्रा कुंथतोय आणि थेंबही येत नाही, किंवा थेंबच येतायत, तर सकाळपर्यंत थांबू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्याला देऊ नका. माणसाला चालणाऱ्या या गोळ्या कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही बिघडवतात.

एकाचं औषध, दुसऱ्याचं अपथ्य

कुत्र्यांत प्रामुख्याने दोन प्रकारचे खडे आढळतात.

पहिला स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा खडा कुत्र्यांत बहुधा लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे होतो. काही जंतू लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात हा खडा धरतो. माद्यांमध्ये हा जास्त दिसतो, कारण त्यांना संसर्ग लवकर होतो. याची चांगली बाजू अशी की तो विरघळतो. योग्य अँटिबायोटिक आणि लघवी आम्लधर्मी करणारा खास आहार, असे काही आठवडे गेले की अनेकदा ऑपरेशनशिवाय काम होतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली काढलेल्या सर्वसंमत शिफारशींमध्येही स्ट्रुव्हाइट आधी विरघळवून बघा, असंच सांगितलं आहे. एकदा तो गेला की पुढचं पथ्य ताटलीपेक्षा संसर्ग टाळण्याचं असतं.

दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. माणसांत जो सर्वांत जास्त दिसतो तोच. ल्हासा, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर, मिनिएचर श्नाउझर अशा लहान जातींच्या मध्यमवयीन नरांमध्ये हा विशेष. हा कुठल्याही अन्नाने, औषधाने किंवा काढ्याने विरघळत नाही. काढावाच लागतो. आणि काढल्यावरही सुमारे निम्म्या कुत्र्यांत दोन-तीन वर्षांत परत होतो.

आता गंमत बघा. लघवी आम्लधर्मी केली की स्ट्रुव्हाइट विरघळतो. पण तीच आम्लधर्मी लघवी ऑक्झलेटला पोषक ठरते, कारण शरीर ते आम्ल सावरताना हाडांतलं कॅल्शियम सोडतं आणि ते लघवीत उतरतं. म्हणजे शेजारच्या लॅब्रेडॉर मादीला ज्या आहाराने गुण आला, तोच आहार टिल्लूला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कुत्र्या-मांजरांचे खडे तपासणारं एक केंद्र १९८१ पासून चालू आहे. सुरुवातीला तिथे येणाऱ्या कुत्र्यांच्या शंभर खड्यांपैकी पाऊणशेहून जास्त स्ट्रुव्हाइट असत आणि ऑक्झलेट पाचच्या आसपास. पंचवीस वर्षांत दोन्हींचं प्रमाण चाळीसच्या आसपास येऊन बरोबरीला आलं. याची कारणं अनेक असतील, पण स्ट्रुव्हाइट टाळण्यासाठी खाद्यं आम्लधर्मी केली गेली, हे त्यातलं एक मानलं जातं.

याशिवाय युरेटचा खडा असतो. तो डाल्मेशियनचा वारसाच म्हणा. बाकीची कुत्री युरिक ॲसिडचं यकृतात ॲलनटॉइनमध्ये रूपांतर करतात. ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियनमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे युरिक ॲसिड यकृताच्या पेशींत नीट शिरतच नाही आणि लघवीतून बाहेर पडतं. अमेरिकेत १९७३ साली डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एक संकर करून तो दोष नसलेला वंश तयार केला गेला, इतका हा प्रश्न जुना आहे. अशा कुत्र्याला कलेजी, तारली, मटणाचा अर्क वर्ज्य. अंडी आणि पनीर मात्र त्याला चालतात. हा खडा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, सोनोग्राफी लागते.

तीन खडे, तीन वेगळी ताटं. म्हणून दुकानात "युरिनरी" असं लिहिलेली पिशवी दिसली की ती घेऊन घरी येऊ नका. तो शब्द कुठला खडा ते सांगत नाही.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

टिल्लूचं ऑपरेशन झालं. त्याआधीच्या तपासणीत त्याच्या हृदयाच्या झडपेचा आवाज ऐकू आला होता. या वयाच्या लहान कुत्र्यांत हे नेहमी आढळतं. भूल व्यवस्थित पार पडली, पण मॅडम निघताना म्हणाल्या, "पुन्हा भूल द्यायची वेळ शक्यतो येऊ नये." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढचं सगळं पथ्य आम्ही त्या एका वाक्यासाठी केलं.

खडे कोरड्या, स्वच्छ डबीत घालून तपासणीला गेले. तुमच्यावर ही वेळ आली तर खडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवू देऊ नका, त्याने त्यांची रचना बदलू शकते. शक्यतो इन्फ्रारेड पद्धतीची तपासणी करून घ्या.

रिपोर्ट यायला वेळ लागला आणि तेवढ्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं कुळथाचं कढण द्या. कुणी जवाचं पाणी, कुणी शहाळं, तर कुणी आपलंच खड्याचं सिरप अर्धा चमचा. सगळे मायेनेच सांगत होते. पण कढणाला आपण लसणाची फोडणी देतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. माणसांच्या काही सिरपांत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते किडनीचा त्रास असलेल्या कुत्र्याला महागात पडू शकतं. मॅडमनी एकच सांगितलं होतं: रिपोर्ट येईपर्यंत फक्त पाणी वाढवा.

रिपोर्ट आला. कॅल्शियम ऑक्झलेट. त्यावर त्यांनी रक्तातलं कॅल्शियमही तपासलं. ते वाढलेलं असेल तर मूळ आजार वेगळाच असतो आणि नुसत्या आहाराने भागत नाही. टिल्लूचं नॉर्मल होतं.

आम्ही काय ठरवलं

पहिलं पाणी. खडा कुठलाही असो, लघवी पातळ असेल तर तो धरायला वेळ लागतो. कोरड्या दाण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये पाणी जेमतेम दहा ग्रॅम असतं, डब्यातल्या ओल्या खाद्यात पाऊणशेच्या पुढे. डब्याचं खाद्य रोज आणणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. म्हणून मॅडमनी ऑक्झलेटसाठी सुचवलेले दाणे कोमट पाण्यात भिजवून, पेजेसारखे पातळ करून द्यायचं ठरलं. दिवसभराचं एकच मोठं जेवण न देता तीन लहान जेवणं. पाण्याची भांडी तीन ठिकाणी.

पाण्याचं काम आईने अंगावर घेतलं. टिल्लूला दुधात कुस्करलेली नाचणीची भाकरी ती पिल्लू असल्यापासून भरवत आली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साधारण ३४० मिलिग्रॅम, शिवाय ऑक्झलेटही. वर दूध. हे बंद करायचं म्हणजे तिच्या हातातला घासच काढून घ्यायचा. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग तिनेच तोडगा काढला. चिकनचे बिनहाडाचे तुकडे मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता उकडायचे आणि ते पाणी गाळून, थंड करून, वरची चरबी काढून दुपारी वाटीभर द्यायचं. टिल्लू आता दोन वाजले की तिच्या पायाशी जाऊन बसतो.

कॅल्शियम पूर्ण तोडायचं का? माणसांत नाही. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, ते फार कमी केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. म्हणूनच मी माझ्या रुग्णांना दूध-दही बंद करायला सांगत नाही. कुत्र्याच्या बाबतीतही मॅडमचं म्हणणं तेच: प्रमाणात असलेला संतुलित आहार द्या, वरून कॅल्शियमची पावडर, ड जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व यांची भर घालू नका. ठरवून दिलेल्या खाद्यात ते मोजून घातलेलं असतं, म्हणून नाचणी आणि दूध वरून नको.

पालक, अळू, राजगिरा, बीट, रताळं, शेंगदाणे बंद. चाखायला म्हणून दुधी, काकडी, फुलकोबी किंवा थोडा भात. मिठाची बिस्किटं आणि फरसाण बंद, कारण मीठ लघवीतलं कॅल्शियम वाढवतं. टिल्लूच्या हृदयासाठीही ते नकोच होतं. तहान लागावी म्हणून घरी मीठ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पूर्ण घरगुती आहार देता येतो का? येतो, पण त्याची पाककृती कुत्र्यांच्या आहाराची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून वजन-मापासह लिहून घ्यावी. नुसतं चिकन आणि भात वर्षानुवर्षं दिलं तर खडा टळेल की नाही माहीत नाही, हाडं मात्र ठिसूळ होतील.

पथ्य लागू पडतंय हे कळणार कसं?

तपासून. दर तीन महिन्यांनी आम्ही सकाळची लघवी स्वच्छ वाटीत धरून नेतो. तिचं विशिष्ट गुरुत्व ऑपरेशनच्या वेळी १.०४५ होतं, आता १.०२० च्या खाली असतं. आम्हाला तेच गाठायचं होतं. पीएच आम्लाकडे झुकत नाही ना, तेही बघतात. सहा महिन्यांनी सोनोग्राफी. खडा परत झालाच तर तो वाळूएवढा असताना सापडावा, कारण बारीक खडे पोट न फाडता बाहेर काढण्याचे मार्ग असतात.

चौदा महिने झाले. अजून खडा नाही. हे आहारामुळे की नशिबामुळे, एका कुत्र्यावरून सांगता येणार नाही. पण लघवी पातळ झाली आहे, हे कागदावर दिसतंय.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं की खड्याच्या कुत्र्याला काय द्यायचं, तर त्यांना आधी खडा तपासायला सांगा. रिपोर्ट हातात येईपर्यंत पाण्याची भांडी भरलेली ठेवा, आणि घरातल्या ज्या माणसाच्या हातून कुत्रा खातो, त्याला पथ्य नीट समजावून सांगा. पथ्य पाळलं जातं ते त्याच्याच हातून.