४५१ मोठे की ६८?

थोडं लांबलंय, पण ज्यांच्या घरात खेळणारं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नांदेडला सकाळी पोरांना क्रिकेट शिकवतो, सामन्यांच्या निमित्तानं लातूरलाही जाणं होतं. दोन्हीकडं एक प्रश्न हमखास येतो. एखादे वडील बाजूला घेतात, मोबाईलमधलं स्कोअरकार्ड दाखवतात आणि हळूच विचारतात, "सर, खरं सांगा, पोरगं पुढं जाईल का? पुण्याला ठेवावं का?" या प्रश्नामागं कुणाची एफडी असते, कुणाचं एकरभर वावर असतं, आणि पोराची अकरावी-बारावीची दोन वर्षं असतात. "चांगलं खेळतंय, बघू" असं उत्तर देऊन सुटका करून घेणं बरं नाही.

आपल्या दोन्ही शहरांना आकड्यावर विश्वास ठेवायची सवय आहे, आणि ती उगीच लागलेली नाही. लातूर पॅटर्न असो की नांदेडचे क्लासेस, गुणांच्या जोरावर कितीतरी घरं वर आली. पण नीटचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो. हदगावच्या पोरीला जो प्रश्न, तोच दिल्लीच्या पोराला. क्रिकेटमध्ये पेपर काढतो समोरचा गोलंदाज. उदगीरचा पेपर वेगळा, पुण्याचा वेगळा, रणजीचा तर फारच वेगळा. म्हणून तालुक्याच्या स्पर्धेतले १३० बघितले की मी आधी विचारतो, पेपर कुणी काढला होता?

आपल्या मराठवाड्यातलंच बघा. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव खेळत होते. ते तिघं पुढं भारताच्या मोठ्या संघात गेले, कर्णधार गेला नाही. यात झोलचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. जालन्यातून तिथवर पोचणंच केवढं मोठं! पण ४५१ हा आकडा एवढंच सांगत होता की पोरगं आपल्या बरोबरीच्यांच्या फार पुढं आहे. मोठ्या माणसांच्या खेळात काय होईल, ते त्या आकड्यात नव्हतंच.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत बास्केटबॉलची पोरं निवडायला माणसं वर्षभर कॉलेजांमधून फिरतात. तिथं गार्ड म्हणजे चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारा. जिमर फ्रेडेट हा गार्ड २०१०-११ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त सरासरीनं गुण करत होता. २०११ च्या एनबीए निवडीत त्याचा नंबर दहावा लागला, पण तिथं पाय रोवता आले नाहीत. जेलन ब्रन्सननं कॉलेजात दोन विजेतेपदं मिळवली, तरी २०१८ मध्ये ३२ जणांची नावं झाल्यावर त्याचं नाव आलं. तोच पुढं न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाला. एवढी यंत्रणा असून त्यांची गफलत होते, तिथं आपण एका स्कोअरकार्डवर काय ठरवणार?

आता दुसरा आकडा. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर २००२ च्या लीड्स कसोटीत सलामीला आला. चेंडू हवेत आणि टप्प्यावर हलत होता. त्यानं ६८ धावा केल्या आणि द्रविडबरोबर १७० ची भागीदारी केली. त्या डावात द्रविडच्या १४८, सचिनच्या १९३, गांगुलीच्या १२८ धावा आहेत, त्यामुळं ६८ कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. पण पाया त्यांनीच घातला आणि भारत डावानं जिंकला. बांगर रेल्वेकडून रणजी खेळत तिथवर गेला होता.

ताजं उदाहरण बीडच्याच सचिन धसचं. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर दक्षिण आफ्रिका, जिंकायला २४५ हवेत आणि धावफलक ४ बाद ३२. तिथून त्यानं ९६ केल्या. मला त्या ९६ पेक्षा '४ बाद ३२' जास्त बोलका वाटतो.

आणि हे सगळं जमलं तरी संधी लागते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ मध्ये चेन्नईनं दीड कोटीला घेतलं. २०२३ मध्ये पहिल्याच आयपीएल सामन्यात त्यानं तीन बळी घेतले. तरी त्या हंगामात त्याला दोनच सामने मिळाले.

मग मी पोरात काय बघतो? एकाच प्रकारे दोनदा बाद झाल्यावर महिन्याभरानं त्यात काही बदललं का. पंधराव्या वर्षी अंगानं भरलेलं पोरगं नुसत्या ताकदीवर षटकार मारतंय की पाय हलतायत. कारण दोन वर्षांत बाकीची पोरंही भरतात. शून्यावर बाद झालेल्या दिवशी क्षेत्ररक्षणात जीव तोडतंय का. स्कोअरकार्डवर यातलं काहीच येत नाही.

पालकांना माझं सांगणं एवढंच. पुण्याचा खर्च करण्याआधी एक हंगाम पोराला दोन-तीन वर्षांनी मोठ्या पोरांत, लेदर बॉलवर आणि जमलं तर टर्फ विकेटवर खेळवा. धावा कमी होतील, घाबरू नका. तो हंगाम त्याला आवडला तर पुढचा विचार करा. आणि बारावी सोडू नका.

राहिला प्रश्न आपल्या पुढाऱ्यांचा आणि संघटनांचा. चषकाला नाव कुणाचं द्यायचं आणि बक्षीस किती लाखांचं ठेवायचं, यावर इथं बैठका होतात. त्यापेक्षा पुणे, सोलापूर, संभाजीनगरचे चांगले संघ वर्षातून चार वेळा नांदेड-लातूरला आणा आणि आपल्या पोरांना त्यांच्याशी तीन-तीन दिवसांचे सामने द्या. अवघड पेपर इथंच सोडवायला मिळाला, तर कुठल्याही बापाला एका स्कोअरकार्डच्या भरवशावर वावर विकायची पाळी येणार नाही.